साडेतीनशे जोडलेले हात

एकदा एक बाई होती, छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवता जुळवता म्हातारी झालेली. मालक गेला, छापखाना मोडला, पण तालुक्याचं साप्ताहिक बाईंनी मोडू दिलं नाही. दर गुरुवारी चार पानं निघत म्हणजे निघत. गावात सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत, मामलेदारसुद्धा.

बाईंच्या हाताखाली दोघी लिहायला शिकत होत्या. थोरली नऊ वर्षं शिकत होती. तिची भाषा भारदस्त, वाक्य जरीच्या लुगड्यासारखं घडीवर घडी उलगडत जाणारं. धाकटीला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. त्याआधी ती आठवडी बाजारात बसून बायकांना बांगड्या भरायची. बाईंनी तिच्याकडे साप्ताहिकाचा मोबाइलवरचा ग्रुप दिला होता. पाणी कोणत्या आळीला कधी सुटणार, दाखले कोणत्या वारी मिळणार, कुणाची शेळी हरवली, असलं ती दोन ओळींत लिही आणि सातशे माणसं ते वाचत.

थोरलीला हे बघवत नसे. तिचा लेख छापून आला तर कुणी अवाक्षर बोलत नसे, आणि धाकटीला भाजीवालीसुद्धा रस्त्यात थांबवून म्हणे, "बरं झालं गं कळवलंस." हे ऐकलं की थोरलीच्या तोंडातला घास कडू होई. धाकटीच्या निरोपाखाली किती अंगठे उमटले, ते ती दिवसातून चारदा बघे. आपल्याला त्याचं काही नाही, असं वर सांगे.

त्यात बाईंची दृष्टी मंद होत चालली होती. दिवाळीनंतर आपली खुर्ची कुणाला तरी द्यायची, असं त्या बोलून गेल्या होत्या. नऊ वर्षांची तपश्चर्या एक बांगडीवाली येऊन घेऊन जाणार, या विचारानं थोरली आतून जळत होती.

एका सोमवारी सकाळी कळलं, की कुंभार आळीतली म्हातारी सुईण गेली. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. धाकटीनं साप्ताहिकाचा मोबाइल हातात घेतला, तोच थोरलीनं तो काढून घेतला.

"आज मी लिहिते," ती म्हणाली. "ही काही हरवलेली शेळी नाही. गावाला कळू दे भाषा कशाला म्हणतात."

धाकटीनं बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "लिहू दे तिला."

थोरलीनं मनापासून लिहिलं, हे खोटं नाही. सुईण कंदिलाच्या उजेडात चिखल तुडवत कशी जायची, बाळ रडेपर्यंत स्वतः पाणी कशी प्यायची नाही, साडीच्या पदराला नाळ कापायचं पातं उकळून, फडक्यात गुंडाळून कसं बांधलेलं असायचं. चाळीस ओळी झाल्या. पेपरातल्या निधनवार्तेच्या रीतीनं पश्चात कोण कोण आहे ते लिहिलं, आणि सर्वांत शेवटी, अंत्ययात्रा आज अकरा वाजता राहत्या घरून निघेल, असं लिहिलं.

धाकटी मागून वाचत होती. ती हळूच म्हणाली, "ताई, वेळ तेवढी वर घ्या ना."

"तू बांगड्या विकायचीस तेव्हा मी आले होते का तुला भाव सांगायला?" थोरली म्हणाली, आणि तिनं निरोप सोडला.

अर्ध्या तासात शंभर जोडलेले हात आले. दहा वाजता अडीचशे. निघायच्या वेळी साडेतीनशे. तिच्या कोणत्याही लेखाला जन्मात एवढं मिळालं नव्हतं. तिनं मोबाइल धाकटीच्या नाकासमोर धरला. "मोज," म्हणाली. धाकटीनं घड्याळाकडे पाहिलं. थोरलीला फार बरं वाटलं.

अकराला पाच मिनिटं असताना तिघी कुंभार आळीत पोचल्या. अंगणात तिरडी बांधून तयार होती आणि माणसं होती आठ. सुईणीची दोन म्हातारी भावंडं, एक गुडघेदुखीचा जावई, शेजारचे दोघे, मुलगी आणि दोन शेजारणी. मुलगी दारात उभी राहून रस्त्याच्या टोकाकडे बघत होती. "एवढी माणसं आणली आईनं या जगात," ती कुणाला तरी म्हणाली, "गेली कुठं?"

थोरलीनं घाईघाईनं बाईंना मोबाइल दाखवला. "सगळ्यांना कळलंय बाई. हे बघा ना. साडेतीनशे जणांनी हात जोडलेत."

बाईंनी डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिलं. "जोडलेत खरे," त्या म्हणाल्या. "यातला एक तरी हात तिरडीला लागतो का बघ."

थोरलीनं मोबाइल खाली घेतला. तोवर धाकटी भिंतीला टेकून उकिडवी बसली होती. तिनं स्वतःच्या मोबाइलवर लिहिलं: सुईण आजीला न्यायला माणसं कमी पडताहेत. कुंभार आळी, आत्ता निघा.

दहा मिनिटांत गल्ली भरली. न्हावी वस्तरा ठेवून आला, आणि त्याच्यामागून अर्ध्या गालाला साबण लागलेलं गिऱ्हाईक आलं. पिठाच्या गिरणीवाला पांढऱ्या पापण्यांनी आला. शाळेच्या बाई आल्या. "आम्हाला वाटलं, उरकलं असेल," जो तो म्हणत होता. "वाचलं होतं हो. वरचं वाचलं होतं." तिरडी इतक्या खांद्यांवरून गेली, की जावयाला परत हात लावायची पाळी आली नाही.

थोरली सगळ्यांच्या मागून चालली. तिला सुईणीचं दुःख व्हायला हवं होतं. पण माझ्या चुकीवर ही पाय देऊन वर चढली, एवढं एकच तिच्या डोक्यात घुमत होतं. खुर्ची गेली, असंच ती धरून चालली.

गुरुवारी पेपर निघाला. पहिल्या पानावर, चौकटीत, थोरलीच्या नावानिशी तिचा तोच मजकूर होता. बाईंनी फक्त अंत्ययात्रेची ओळ काढली होती, बाकी कानाही हलवला नव्हता. धाकटीच्या त्या दोन ओळींचा कुठं उल्लेख नव्हता.

थोरली पेपर घेऊन तरातरा आत गेली. धाकटी बाहेर गठ्ठे बांधत होती.

"बाई, मला शिव्या द्यायच्या तर तोंडावर द्या," ती म्हणाली. "ज्या लिहिण्यानं माणसं आली नाहीत, ते पहिल्या पानावर टाकून माझी शोभा का केलीत?"

"बस," बाई म्हणाल्या. "कुंभार आळीत जाऊन आलीस का आज?"

"कोणत्या तोंडानं जाऊ?"

"मी गेले होते. सुईणीच्या मुलीनं तो कागद कापून फोटोशेजारी भिंतीला चिकटवलाय. लोक येतात, उभं राहून वाचतात आणि डोळे पुसतात. सोमवारी ज्यांनी वरचं वाचून सोडलं, तीच माणसं. लिहिणं तेच आहे गं. ते गुरुवारचं होतं, तू सोमवारी अकरा वाजायच्या आत पाठवलंस."

थोरलीनं हातातला पेपर परत उलगडला.

"सकाळी माणूस पोरीची वेणी घालता घालता एका डोळ्यानं मोबाइल बघतो," बाई म्हणाल्या. "मोबाइल चार ओळी दाखवतो, बाकीचं घडी घालून ठेवतो. तुझी वेळ त्या घडीत राहिली. पेपरात वेळ शेवटी आली तरी चालते, कारण पेपर हातात पडेपर्यंत वेळ होऊन गेलेली असते. मागं उरतं ते एवढंच, की माणूस कसा होता. ते धाकटीला लिहिता येत नाही. तुला येतं."

"मग धाकटीचं कौतुक करतात लोक, ते?"

"खरंच आहे ते. बांगडी भरणारी आधी मनगट बघते, मग पेटीत हात घालते. तू पेटीतली सगळ्यांत चांगली बांगडी काढतेस आणि म्हणतेस, हिच्यात हात घाला."

एवढं बोलून बाईंनी खण उघडला आणि धाकटीनं तपासायला दिलेली एक शाळकरी वही पुढं टाकली. थोरलीनं उघडली. आत धाकटीच्या वेड्यावाकड्या अक्षरात थोरलीचेच लेख उतरवलेले होते, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मधेच एका समासात लिहिलं होतं, 'असं मला कधी जमणार. राग येतो.'

"वर्षभर जळतेय ती तुझ्यावर," बाई म्हणाल्या. "फरक इतकाच, की तिनं जळता जळता तुझं उतरवून घेतलं. तू तिचं काय घेतलंस? अंगठे मोजलेस."

थोरलीनं वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली. बाहेर धाकटी गठ्ठ्याची सुतळी दातांनी तोडत होती.

तेराव्याचा निरोप ग्रुपवर थोरलीनंच लिहिला. आधी वार, मग वेळ, मग घर. मग तो घेऊन ती धाकटीकडे गेली आणि रुक्ष आवाजात म्हणाली, "मनगट बघ."

धाकटीनं वाचलं. "'अत्यंत' काढा ताई. जागा खातंय." मग चाचरत म्हणाली, "आणि तुम्ही ते पदराच्या गाठीतलं पातं कुठून आणलंत, ते मला सांगाल का? मला असलं काही सुचतच नाही."

थोरलीला 'अत्यंत' काढताना पोटात दुखलं. मत्सर एका वहीनं जातो, असं कुणी सांगत असेल तर तो खोटं सांगतो. पण तिनं तो शब्द काढला, आणि मग धाकटीशेजारी बसून तिला पात्याची गोष्ट सांगू लागली.

दिवाळीनंतर बाईंनी खुर्ची भंगारवाल्याला दिली आणि तिथं दोघींना पुरेल असं बाकडं आणून ठेवलं.

लिहिणाऱ्यानं आपली पेटी किती भरली आहे हे मग बघावं, समोर हात कुणाचा आहे ते आधी बघावं.