सादडवाडीत पाहुण्याला हात देत नाहीत

ओहोळ ओलांडताना तुम्हाला कोणी हात दिला नाही, याचे वाईट वाटून घेऊ नका. तुमचा पाय घसरला तेव्हाही काठावर बसलेली माणसे उठली नाहीत, उलट मान वळवून डोंगराकडे बघत राहिली. ती माणसे वाईट नाहीत. त्यातल्याच लहानूकाकांनी आता तुमच्यासाठी चहा पाठवला आहे. सादडवाडीची ही रीत आहे. बाहेरून आलेल्या माणसाला आम्ही पाण्यात हात देत नाही, त्याच्यासाठी फळीसुद्धा टाकत नाही. आणि ओहोळाच्या मधोमध तो काळा दगड दिसतो ना, कमरेतून आपल्या काठाकडे वाकल्यासारखा, त्याला मोठी माणसे हात लावत नाहीत. तो फक्त शाळेच्या पोरांनी धरायचा. त्याला आम्ही ठकूआजी म्हणतो.

मी काही बघितलेले नाही. मला माझ्या चुलत्याने सांगितले, त्याला त्याच्या आईने. ऐकले तसे सांगतो.

शाळेचे छप्पर गवताचे होते तेव्हाची ही गोष्ट. वाडी या काठाला आणि शाळा त्या काठाला, कारण सपाट जागा तिकडेच होती. उन्हाळ्यात या ओहोळात पाखराला प्यायला पाणी नसते. पावसाळ्यात मात्र वरच्या डोंगराचे सगळे पाणी इथूनच जाते. ठकूबाईचे घर अगदी काठावर होते. नवरा गेलेला, मुलगी बाळंतपणात गेलेली, मागे एक नात, भिमी. भिमीला शाळेत सोडायला ठकूबाई तिला खांद्यावर घेऊन पाण्यात उतरायची. मग शेजारणीचे पोर घेऊ लागली, मग सगळ्यांचीच. तिला स्वतःला अक्षर येत नव्हते. नातीने चौथी पुरी करावी, एवढे एकच तिच्या मनात होते असे सांगतात.

गुडघे धरू लागले तेव्हा ती वाडीचा कारभारी कोंडाजी याच्या मागे लागली. त्याने गुरुजींकडून अर्ज लिहून घेतला. शाळेच्या पोरांसाठी ओहोळावर साकव बांधायला पैसे मिळावेत, एवढेच त्यात होते. एक अख्खा पावसाळा गेला. मग निरोप आला, भादव्यात साहेब जागा बघायला येणार.

वाडीत लगीनघाई उडाली. कोंडाजीने माणसे गोळा केली. सादडाचे सरळ बुंधे तोडून ओहोळावर आडवे टाकले, वेलींनी आवळून बांधले, वर मुरूम पसरला, दोन्ही तोंडांना आंब्याचे टहाळे लावले.

ठकूबाई काठावरून म्हणाली, "अरे, तो पाणी बघायलाच येतोय ना? मग बघू दे की."

कोंडाजी हसला. "म्हातारे, पाहुण्याला पाय धुवायला पाणी देतात. पाण्यात उभा करत नाहीत."

"मग माझ्या खांद्यावर बसव त्याला. एवढी पोरं नेते, एक साहेब जड नाही मला."

"तुझ्या खांद्यावर बसला तर लग्नाचा नवरा दिसेल तो."

सगळे हसले. तीही हसली म्हणे.

साहेब आला. माणूस भला होता. कोरड्या बुटांनी पलीकडे गेला, पोरांना पाढे विचारले, नागलीची भाकर आणि कोंबडी जेवला. परत जाताना त्याने बुंध्यांवर पाय आपटून बघितला. "कोणाची वाट न बघता तुम्ही सोय करून घेतलीत," तो म्हणाला. "अशी गावं पाहिजेत." कोंडाजीची छाती फुगली. साहेबाने जे बघितले तेच लिहिले. शाळेकडे जायला साकव आहे, मजबूत आहे. पैसे दुसऱ्या गावाला गेले. बुंधे तर त्याच महिन्यात वाहून गेले होते.

ही बातमी आली तेव्हा ठकूबाई तडक ओहोळावर गेली. सगळ्या वाडीसमोर पाण्यात जाऊन उभी राहिली, ओंजळ भरली आणि सोडली. "आता जो साहेब येईल तो पाण्यातूनच येईल. त्याला कोणी हात द्यायचा नाही. आणि तो येईपर्यंत मी इथून हलायची नाही."

पुढचा पावसाळा लागला. साहेब कोणी आला नाही. ठकूबाई सकाळी पोरे सोडायची आणि शाळा सुटेपर्यंत ओहोळाच्या काठावरून उठायची नाही. श्रावणातल्या एका दिवशी ती भिमीला घेऊन परतत होती, तेव्हा वरून एकाएकी लोंढा आला. तिने नातीला काठाकडे ढकलले. कोंडाजीने धावत येऊन भिमीला पकडले आणि दुसरा हात म्हातारीकडे लांबवला. तो पोचला नाही.

तिचे काही सापडले नाही. पाणी ओसरल्यावर मधोमध हा दगड उभा होता, जो आधी तिथे नव्हता असे सांगतात. गुरुजी म्हणायचे, पुरात दगड वाहून येतातच. तेही खरे असेल. भिमी मात्र पुन्हा कधी ओहोळात उतरली नाही. तिची चौथी राहिलीच. कोंडाजीने मरेपर्यंत आल्या-गेल्याला पाण्यात हात दिला नाही आणि मग वाडीनेही तेच धरले.

त्यानंतर साहेब आले नाहीत असे नाही. एक जण काठावरूनच म्हणाला, इथून दिसतंय की सगळं, आणि गाडीत बसला. एक जण मांडीएवढ्या पाण्यातून खरोखर पलीकडे गेला, ओल्या कपड्यांनी शाळेत बसला, मनापासून लिहून घेऊन गेला. वाडीने त्या दिवशी दगडाची ओटी भरली. पुढे वरून उत्तर आले, सादडवाडीला साकव आधीच आहे, दुसरा देता येत नाही. तो वाहून गेला असे आम्ही पुन्हा कळवले. त्याला उत्तर आलेले नाही. पटावरची पोरे कमी होत चालली आहेत. आता शाळाच बंद होणार असे कानावर येते. मग साकवाचा प्रश्नच राहणार नाही.

आजही पाणी दगडाच्या खांद्याला लागले की त्या दिवशी शाळा नसते. आजही घरी परतणारे प्रत्येक पोर दगडाला धरून थांबते आणि त्याला सांगते, "आजी, आज पण नाही." कोण आले नाही हे बारक्यांना ठाऊकही नसते. मोठी पोरे म्हणतात म्हणून ती म्हणतात.

तुम्ही मदतीसाठी प्रयत्न करतो म्हणालात. तुमचे मन चांगले आहे, ते दिसते. पण मघाशी तुम्ही बूट हातात घेऊन पाण्यात होता, तेव्हा दुसरीतली एक पोरगी माझ्याजवळ आली. तुमच्याकडे बघत हळूच विचारू लागली, "दादा, आज आजीला काय सांगायचं?"

मी म्हटले, "रोजचंच सांग."