आधी तुमचं, मग माझं

हौसाच्या घरी त्या दिवशी चूल पेटलीच नव्हती. चिमुकलं झोपडं, चिमुकलं अंगण आणि अंगणात बांबूच्या कोऱ्या करकरीत टोपल्यांची ही एवढी मोठी रास! टोपल्या आई विणायची आणि हौसा नदीपलीकडच्या बाजारात नेऊन विकायची. नदीवर वेलींचा झुलता पूल होता, बरं का. पण राणी मृगावतीचा छोटुकला राजपुत्र त्या पुलावरून धप्पकन पाण्यात पडला. कोळ्यांनी त्याला वाचवलं खरं, पण राणीने तेव्हापासून पूल बंदच केला आणि आता हुकूम सोडला, "उद्या सकाळी पूल तोडून टाका!"

आता पूल गेला की बाजार गेला आणि बाजार गेला की भाकरी गेली. डोंगराला वळसा घालून जायचं, तर वाटेत वाघाचं रान!

गावातली मोठमोठी माणसं राणीकडे जाऊन आली होती. "पूल चांगला भक्कम आहे हो, राजपुत्रच जरा अवखळ," असं सगळ्यांनी तिला पटवून पाहिलं. राणी अशी काही भडकली की सगळे पागोटी सावरत पळाले.

"मग मी जाते," हौसा म्हणाली.

"तू? अगं, तुझं कोण ऐकणार?" आई म्हणाली.

"ऐकेपर्यंत बोलेन!" आणि निघालीसुद्धा.

राजवाड्याची वाट बागेतून जात होती. काय ती बाग! बहाव्याचे सोनपिवळे घोस, निळीजांभळी फुलपाखरं, गवताच्या पात्यापात्यावर चमचमणारं ऊन. पण हौसाला बघायला वेळ कुठे होता? दरबार उठायच्या आत पोचायचं होतं. ती भराभर चालत होती आणि इतक्यात करवंदीच्या जाळीतून बारीकसं रडणं ऐकू आलं.

वाकून बघते तर काय, अंगठ्याएवढी एक परी! तिचा रुपेरी पंख काट्यांत अडकला होता. ओढला असता तर टरकन फाटला असता. हौसा मुकाट्याने खाली बसली आणि एकेक काटा हलक्या हाताने सोडवू लागली. तिच्या बोटांतून रक्त आलं, ऊन उतरायला लागलं, पण पंख सुटेपर्यंत ती काही उठली नाही.

"मी बोलपरी," पंख झटकत परी म्हणाली. "माणसांनी नुसतं बोलून जी जी मनं वळवली, त्यांच्या आठवणी मी जपते. माग तीन इच्छा! पण प्रत्येकीला नियम आहे हं, आणि मागितलेली इच्छा परत मिळत नाही."

"राणीचं मन बदलून टाक," हौसा लगेच म्हणाली.

"अगं वेडे, कुणाच्या मनात जादूने शिरायचं नाही, हाच तर नियम. एक इच्छा वाया!"

"मग मला साखरेसारखी गोड जीभ दे."

"देते की. पण तो गोडवा सूर्य मावळेपर्यंतच टिकतो. मग ऐकणाऱ्याला कळतं, आपल्याला फसवलं."

हौसाने मान हलवली. "नको मग. मी राणीला फसवायला नाही निघाले."

"दुसरीही गेली!"

हौसाला रडूच येणार होतं. पण तिने पाय आपटला. "मग जादूबिदू नसताना माणसं काय करत आली, ते तरी दाखव!"

परीने आनंदाने टाळी वाजवली. "हे आजवर कुणी मागितलंच नव्हतं!" तिने बहाव्याची फांदी हलवली. पिवळ्या पाकळ्या भिरभिरत खाली आल्या आणि पाकळीपाकळीत चित्रं उमटली. फार फार जुना काळ. पाणवठ्यावर काठ्या घेऊन भिडलेल्या दोन टोळ्या. एका म्हातारीने काठी टाकली आणि बोलायला लागली, आणि त्या दिवशी कुणाचं डोकं फुटलं नाही! दुसऱ्या पाकळीत जरीच्या पगडीतला एक प्रधान. तो इतकं छान बोलला की टाळ्या वाजवत वाजवत लोकांनी आपली पोरं नको त्या लढाईला धाडली. तिसरीत दुष्काळ पडला होता आणि एक बाई राजाला धान्याचं कोठार उघडायला सांगत होती. राजाने उघडलंसुद्धा.

हौसाने पुन्हा पुन्हा निरखून पाहिलं. "परी, प्रधान नुसतं आपलंच बोलतोय. या दोघी आधी समोरच्याचं म्हणणं सांगताहेत!"

"बरोब्बर! आणि तोच तुझ्या तिसऱ्या इच्छेचा नियम. समोरचा 'हो, हेच!' म्हणेपर्यंत स्वतःचं एक अक्षरही बोलायचं नाही. बोललीस, तर आवाजच जाईल."

हौसा धावतच दरबारात पोचली. मोरपंखी शालूतली राणी सिंहासनावर बसली होती. शेजारी राजपुत्र चुळबुळत होता.

"राणीसाहेब, आधी तुमचं म्हणणं सांगते. तुम्हाला तो पूल आवडत नाही."

"चूक!"

"तुम्हाला आमचा राग आलाय."

"साफ चूक! शिपाई, हिला बाहेर काढा."

आई, टोपल्या, थंड चूल, सगळं हौसाच्या ओठांवर आलं. तिने तोंड घट्ट मिटलं. तेवढ्यात तिला दिसलं, राणीने राजपुत्राचं मनगट इतकं आवळलं होतं की ते लाल झालं होतं. हौसा एकदा जत्रेत हरवून सापडली, तेव्हा आईनेही तिला असंच धरलं होतं. "माझंच लक्ष नव्हतं गं," म्हणून आई किती रडली होती!

"राणीसाहेब, पूल धोक्याचाच आहे," हौसा म्हणाली. "बाजू उघड्या आहेत त्याच्या. पण त्या दिवशी बाळाचा हात तुमच्या हातून सुटला. तुम्हाला राग पुलाचा नाही, स्वतःचा आलाय."

राणीचे डोळे भरून आले.

"हो," ती म्हणाली. "हेच. हे कुणी बोललंच नाही गं माझ्याशी. बोल, आता तुझं सांग."

मग हौसा बोलली! आईचं सांगितलं, चुलीचं सांगितलं. "पूल तोडू नका. आम्ही बांबूचे कठडे विणतो, राजपुत्राच्या डोक्यापेक्षा उंच. आधी मी पुलावरून चालून दाखवेन. पटलं नाही, तर खुशाल तोडा."

राणीने होकारार्थी मान डोलावली आणि हळूहळू राजपुत्राचं मनगट सोडलं.

कठडे झाले, भक्कम आणि देखणे. राणीने हौसाच्या घरी धान्याची पोती धाडली आणि दरबारात लहान मुलांनाही बोलायची मुभा दिली. त्या राज्यात अजूनही पेरूवरून दोन पोरं भांडली, की आई म्हणते, "आधी त्याचं काय म्हणणं आहे, ते सांग बघू!"

पूल पुन्हा सुरू झाला, त्या दिवशी परी हौसाला भेटायला आली.

"आता जाऊ नकोस ना गं!" हौसा म्हणाली.

"पटव बघू मला," परी हसली.

हौसाने श्वास घेतला. "आधी तुझं सांगते. तुला जायचंय, कारण कुठेतरी एखादं लेकरू मोठ्या माणसांसमोर एकटं उभं आहे. त्याला खूप बोलायचंय, पण शब्दच सुचत नाहीयेत. तू इथे राहिलीस, तर त्याला..." ती थांबली.

"हो, हेच," परी हळूच म्हणाली. "आता तुझं सांग."

हौसाने तोंड उघडलं आणि मिटलं. मग परकराच्या टोकाने डोळे पुसले.

"जा," ती म्हणाली. "लवकर जा. ते वाट बघत असेल."

सोनेरी उजेडाचा एक झोत नदीभर पसरला आणि परी त्यात दिसेनाशी झाली.