शेजारच्या घरात धरा

बैठक अठ्ठ्याऐंशीची की एकोणनव्वदची, हे मला खात्रीने सांगता येत नाही; केरकरबाईंचं वाक्य मात्र नीट आठवतं, असं वाटतं. तीन शेजारी राज्यांनी कुटुंबांची पाहणी एकाच पद्धतीने करावी, म्हणून आम्ही सांख्यिकी अधिकारी पुण्यात जमलो होतो.

अध्यक्ष राजाध्यक्षसाहेब म्हणाले, "एकट्या माणसाचं कसलं आलंय कुटुंब? त्याला शेजारच्या घरात धरा."

"साहेब, आमच्याकडे मुलगे बोटीवर आणि म्हाताऱ्या घरात एकट्या," गोव्याच्या केरकरबाई म्हणाल्या. "त्यांचं घरच मोजलं नाही, तर त्यांच्या वाट्याचं धान्य कुठून येणार?"

"बाई, नियम सोपा हवा."

"बरं. बाकीच्या राज्यांतून चार-चार जण आलेत, गोव्यातून मी एकटीच. मग गोवा महाराष्ट्रात धरायचा का?"

विलीनीकरण गोव्याने मतदान करून नाकारलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांनी आम्हा महाराष्ट्राच्या चौघांकडे पाहिलं. आम्ही माना खाली घातल्या. त्यांनी मसुद्यातलं शेजारच्या घराचं वाक्य खोडलं.

पत्नी गेल्यानंतरच्या वर्षी पाहणीवाली मुलगी माझ्या दारात आली. तिची सूचनापुस्तिका मागून घेऊन मी तपासली. एकट्या राहणाऱ्याचं कुटुंब स्वतंत्र धरावं, असं तिथे छापलेलं होतं.

"आजोबा, घरात किती जण?"

"एक," मी म्हणालो, आणि तिने एक कुटुंब लिहिलं.