डाव कोणाचा, तुरा कोणाचा

चांदसरीच्या मानाजीराजांचा एक रिवाज होता. जत्रेत जे लुगडं सगळ्यांत देखणं ठरेल, ते फुकटात राजवाड्यात जमा व्हायचं. मग काय, गावातले सगळे माग जाडंभरडंच विणू लागले. परगावचे व्यापारी नाक मुरडून परत जाऊ लागले, तेव्हा राजे खवळले.

"कोष्टी आळशी झालेत! सगळ्यांना हद्दपार करा!"

भर दरबारात बयजाबाई कोष्टीण पुढे आली. "खुशाल करा, सरकार. पण आधी माझ्याशी सोंगट्या खेळा. पैजेला वस्तू तुम्ही लावायची. डाव कोणीही जिंको, ती उचलणार मी."

सोंगट्यांत राजांचा हात धरणारं कोणी नव्हतं. ते हसतच पटावर बसले. पहिला डाव त्यांनी ईर्ष्येने जिंकला आणि मोत्यांचा तुरा बाईने उचलला. दुसराही जिंकला, अंगठी गेली. तिसऱ्या डावाला राजे जांभया देत कवड्या फेकू लागले.

"सरकार, आळशी झालात की काय?"

"आळशी?" राजे कडाडले. "जिंकायचं मी आणि न्यायचं तू! मग जीव लावून खेळेल कोण?"

"आमचे मागही हेच म्हणतात, सरकार," असं म्हणून बाईने तुरा आणि अंगठी त्यांच्यापुढे ठेवली.

राजांनी तो रिवाज तिथल्या तिथे मोडला.

पुढच्या जत्रेत चांदसरीच्या लुगड्यांवर व्यापाऱ्यांची झुंबड उडाली. राणीसाहेबांसाठी एक घ्यायला राजे स्वतः आले आणि घासाघीस करू लागले. बयजाबाईने एक दिडकीसुद्धा सोडली नाही!