पल्याडच्या तीरावरून परतलेली माणसं

फार जुनी गोष्ट आहे ही. इतकी जुनी, की ती ज्या राजाच्या राज्यात घडली त्याचं नावही आता कुणाला सांगता येत नाही. पण नदी होती, नदीकाठी गाव होतं आणि गावात तुमच्या-आमच्यासारखीच जीव लावणारी, जिवाला भिणारी माणसं होती.

त्या गावात एकदा पटकीची साथ आली, ओकाऱ्या-जुलाबांनी माणसं सुकू लागली आणि अर्धं गाव ओस पडलं. उरलेल्यांनी बसून एक नियम केला. ज्याला पटकी होईल त्याला नावेत घालून नदीपलीकडे न्यायचं, तिथल्या खोपटात निजवायचं, उशाशी पाण्याचं मडकं ठेवायचं आणि लगेच परत फिरायचं. जो तिथं थांबेल, त्यालाही गावात घ्यायचं नाही. नियम क्रूर होता, पण तो क्रूर माणसांनी केलेला नव्हता. घाबरलेल्या माणसांनी केलेला होता.

आजाऱ्यांना नेण्याचं काम सोनबा नावाड्याकडे होतं. पाच वर्षांपूर्वी त्यानं आपल्या बायकोला, भागूलाही, असंच पलीकडे नेलं होतं. तिनं त्याचा हात धरला होता. म्हणाली होती, “जरा वेळ बसा ना.” सोनबानं हात सोडवून घेतला आणि नाव पाण्यात लोटली. त्या दिवसापासून त्याला धड झोप नव्हती.

गावाच्या टोकाला येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवणारी चार घरं होती. त्यांतच मार्थामावशी राहायची. ती सुईण होती. अर्ध्या गावाला तिनंच पहिल्यांदा हातात घेतलं होतं. तिच्याकडून सोनबानं ख्रिस्ताची हकिगत ऐकली. तो आपल्यासाठी वधस्तंभावर मेला, पुरला गेला आणि तिसऱ्या दिवशी जिवंत उठला. जो त्याच्यावर भरवसा ठेवतो त्याचं जुनं जिणं त्याच्यासोबत पुरलं जातं आणि नवं सुरू होतं. सोनबाला ते मनापासून पटलं. त्यानं त्याच नदीत बाप्तिस्मा घेतला.

पण काही दिवसांनी तो मान खाली घालून मावशीच्या ओट्यावर येऊन बसला.

“मावशी, पाण्यात बुडालो आणि वर आलो. पण वर आला तो जुनाच सोनबा. भागूचा हात सोडवणारा.”

मावशी तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, “तो सोनबा ख्रिस्ताबरोबर पुरला गेला. तू रोज त्याच्या थडग्यावर जाऊन बसतोस, म्हणून तुला तोच दिसतो. ऊठ आता तिथून.”

“उठू म्हणजे काय करू?”

“ते वेळ आली की तुला कळेल. कळलं की मात्र मागं सरू नकोस.”

त्याच उन्हाळ्यात पटकी पुन्हा आली. पहिली आजारी पडली ती पाटलांची मुलगी सगुणा, सोळा वर्षांची. लोक पाटलांकडे बघत राहिले. पाटील म्हणाले, “नियम सगळ्यांना सारखा.” त्यांनी स्वतः तिला उचलून नावेत ठेवलं. नाव निघाल्यावर त्यांनी, रीत होती तसं, गुडघाभर पाण्यात उभं राहून लेकीच्या नावानं ओंजळीतलं पाणी सोडलं. गावाच्या लेखी ती त्याच घटकेला मेली.

पलीकडे सोनबानं सगुणाला खोपटात निजवलं, मडकं उशाशी ठेवलं आणि तो निघाला.

“काका, पाणी,” सगुणा म्हणाली.

मडकं हाताशीच होतं, पण तिला हात उचलवत नव्हता. त्या क्षणी सोनबाला उमगलं की आजवर इथं माणसं नुसत्या आजारानं मेली नव्हती. पाणी उशाशी असूनही ती तहानेनं मेली होती. भागूसुद्धा.

त्याचे पाय तरीही नावेकडे वळले. त्यानं नावेला हात घातला. तिथंच तो मोठ्यानं बोलला, “प्रभू, पळणारा मेला ना? मग मी पळायचा नाही.” आणि नाव पाण्यात लोटण्याऐवजी त्यानं ती ओढून वाळूत घेतली. खोपटात येऊन तो खाली बसला, सगुणाचं डोकं मांडीवर घेतलं आणि घोट घोट पाणी पाजू लागला. ती ओकायची, तो पुन्हा पाजायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नाव घेऊन गावच्या घाटाजवळ आला. खाली उतरला नाही.

“पाटील, पोर जिवंत आहे!” तो ओरडला. “मार्थामावशीला सांगा, मला तिची गरज आहे.”

पाटलांनी तोंड फिरवलं. “आज जिवंत असेल. उद्याचं मला सांगू नकोस,” ते म्हणाले आणि घरी गेले. त्यानंतर साथ संपेपर्यंत ते घाटावर आलेच नाहीत.

मावशी मात्र आली. डोक्यावर तांदळाचं गाठोडं, कमरेला मीठ-गूळ, हातात पातेलं. लोक म्हणाले, “मावशी, तिकडे मरण आहे.”

“मरण इकडेही आहेच की,” मावशी म्हणाली. “पण माझ्या प्रभूनं त्याला एकदा हरवलंय. हरलेल्याला मी किती भिऊ?” आणि ती नावेत चढली.

साथ पसरली. सोनबा रोज घाटाजवळ नाव लावायचा, लोक आजाऱ्याला ठेवून दूर व्हायचे. पलीकडे चूल अखंड पेटलेली असायची. पाणी उकळायचं, पातळ पेज शिजवायची, मीठ घालून चमच्यानं भरवायची. सगुणा आठ दिवसांत उठून बसली आणि इतरांना भरवू लागली. सगळे वाचले नाहीत. जे गेले त्यांना सोनबानं स्वतः माती दिली. पण हातात हात नसताना कुणी गेलं नाही.

मग मावशीलाच पटकी झाली. म्हातारं शरीर, ते टिकेना. सोनबा तिच्याजवळ बसून रडू लागला.

“रडतोस कशाला? मी उठणार आहे,” ती हळू आवाजात म्हणाली. “माझा प्रभू उठलाय, तो मला मातीत ठेवायचा नाही. तू पेजेकडे बघ. करपेल.”

तेच तिचे शेवटचे शब्द. सोनबानं डोळे पुसले आणि जाऊन पेज ढवळली. पाच माणसं वाट बघत होती.

पाऊसकाळ सरला आणि साथ थांबली. एका सकाळी सोनबा आणि वाचलेली नऊ माणसं नावेतून गावाकडे निघाली. घाटावर गाव काठ्या घेऊन उभं होतं. पुढं पाटील होते, केस पांढरेफटक झालेले.

“परत फिरा,” पाटील म्हणाले. “तुमच्या नावानं पाणी सोडलंय. गावाच्या लेखी तुम्ही मेलात.”

सोनबा नावेत उभा राहिला. “खरंय, पाटील. तुमच्या ओळखीचा सोनबा मेलाच. तो आजाऱ्याला टाकून पळायचा. हा जो उभा आहे त्याला ख्रिस्तानं उठवलंय. त्याला काठीची भीती घालू नका.”

त्याच्यामागून सगुणा पुढं आली. पाटलांनी उगारलेली काठी खाली घेतली नाही.

“बाबा,” ती म्हणाली, “तुम्ही माझ्या नावानं पाणी सोडलंत. मला ते प्यायला हवं होतं.”

पाटलांची काठी गळून पडली. ते पायऱ्या उतरून पाण्यात शिरले आणि लेकीच्या पायाशी नावेची कड धरून हमसाहमशी रडले. मग मागं वळून म्हणाले, “अरे, बघताय काय? हात द्या त्यांना.”

नियम त्याच दिवशी मोडला. पटकी पुढंही आली, आणि आजाऱ्याला वेगळं ठेवणं गावानं सोडलं नाही. पण एकटं ठेवणं सोडलं. पुढच्या खेपेला आजाऱ्याजवळ बसायला पहिले गेले ते पाटीलच. आणि सोनबा? भागूला जिथं सोडलं होतं त्या वाळूत तो एकदा गुडघे टेकून बराच वेळ बसला. उठला तेव्हा त्याचा चेहरा शांत होता. त्या दिवसापासून त्याला झोप लागू लागली.

तात्पर्य : जो ख्रिस्ताबरोबर मेला आणि ख्रिस्ताबरोबर उठला, तो मरणाच्या भीतीनं कुणाचा हात सोडत नाही.