दहापैकी चार

एका वृद्ध चित्रकारांकडे एकदा एक शिष्या तोंड पाडून येऊन बसली. रेखाटनात तिचा हात बरा होता. पण तिची ख्याती वेगळीच. जपानी ॲनिमे आणि मांगा, म्हणजे तिकडच्या चित्रमालिका आणि चित्रकथा, यांचा तिने फडशा पाडला होता, आणि प्रत्येकीला ती दहापैकी गुण देई. तिने गुण दिल्याखेरीज मित्रमंडळी नव्या मालिकेला हात लावत नसत. पैकीच्या पैकी गुण आजवर एकाच मांगाला मिळाले होते. ते पुस्तक सदैव तिच्या पिशवीत असे.

"गुरुजी, धाकटी बहीण माझ्याशी बोलत नाही," ती म्हणाली. "वर्षभर खपून तिनं एका वहीत चित्रकथा काढली. शब्द एकही नाही, चेहरा नाही, नुसती पावलं. मी प्रामाणिकपणे चार गुण दिले. तिनं पेनं आणि शाई उचलून माळ्यावर टाकली. आता काय खोटे आठ द्यायचे?"

"चारच का?"

"चालताफिरता माणूस, मग काठी, मग अंथरूण. शेवटी चादरीखाली निश्चल पावलं. वाचकाला रडवायचं म्हणून मारलेला माणूस! असले शेवट मी शंभर पाहिलेत."

गुरुजींनी तिचे ते लाडके पुस्तक मागून घेतले. दोन दिवसांनी ते परत करीत म्हणाले, "चार."

शिष्येचा संताप अनावर झाला. "याला चार?"

"नायिका आईला आधी अग्नी देते आणि मग तिच्याशी भांडते. सगळे पहिल्याच पानावर निरोप घेतात, ओळखी पुढे होतात. कसला हा विस्कळीतपणा?"

"अहो गुरुजी, तुम्ही उलटं वाचलंत! मांगा उजवीकडून उघडतात. डावीकडून उघडलं की तशी सूचनाच छापलेली असते."

"पाहिली. पण आमचा हात डावीकडून उघडायला सरावलेला. पुस्तक मात्र पानन् पान वाचले, आणि गुण प्रामाणिकपणे दिले. बहिणीची वही तू कोणत्या बाजूने उघडलीस?"

तिने वही आठवून पाहिली. वहीचे दोन्ही पुठ्ठे कोरे होते. तिने ती सवयीने उजवीकडून उघडली होती.

"तुझा प्रामाणिकपणा खरा होता," गुरुजी शांतपणे म्हणाले, "पण परीक्षक आपल्या सवयीच्या बाजूने आत शिरतो आणि तेच दार समजतो. शंभर चित्रकथा एका बाजूने उघडल्या, म्हणून एकशे एकावीनेही तिथूनच उघडावे असे कोठे आहे? आधी विचारावे, सुरुवात कुठून. गुण काय, नंतरही देता येतात."

घरी जाऊन तिने बहिणीला तेवढेच विचारले. बहिणीने वही डावीकडून उघडून तिच्यापुढे धरली.

चादरीखालची पावले. मग किंचित हललेला अंगठा. मग गार फरशी, काठी, उंबरा. शेवटच्या पानावर ती पावले वहाणा घालून फाटकाबाहेर निघाली होती. उजव्या अंगठ्याचे नख अर्धे तुटलेले होते.

ते नख वडिलांचे होते. तिला भडभडून आले. ती परगावी शिकत असताना वडिलांच्या अंगावरून वारे गेले होते. ती दोनदा येऊन भेटून गेली. त्यांना पुन्हा चालायला शिकवले ते धाकटीने. त्या पावलांना तिने चार गुण दिले होते, आणि ती ओळखलीही नव्हती.

"किती देतेस आता?" बहिणीने कोरडेपणाने विचारले.

तिला अंक सुचेना. ती पुन्हा पहिल्या पानाशी आली आणि म्हणाली, "हा अंगठा हलायला किती दिवस लागले गं?"

धाकटी तिच्या शेजारी येऊन बसली.

"सव्वा महिना, ताई," ती म्हणाली, आणि सांगू लागली.