झिपरूच्या पन्नास बाटल्या

एका गावात एक भोळा माणूस होता. भोळी माणसं त्या गावात पुष्कळ होती, पण बाकीची ते लपवायची. याला लपवता येत नसे. नाव झिपरू. सांगितलेलं काम तो सांगितलं तसंच करायचा. घोळ व्हायचा तो तिथंच.

गावच्या दवाखान्यात डॉक्टर चौबळबाई आल्या आणि त्यांच्यासोबत एक यंत्र आलं. यंत्रात माणसाची लघवी, थुंकी, काय असेल ते थेंबभर ठेवायचं. यंत्र त्यातून उजेड सोडायचं. पलीकडे निघालेल्या उजेडाची पडद्यावर डोंगररांगेसारखी रेघ उमटायची. शेजारचा संगणक ती रेघ वाचून सांगायचा, हा माणूस बरा की आजारी. बाई त्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणायच्या. गावात अस्सलची टंचाई होती, त्यामुळे लोक खूष झाले.

घरोघर जाऊन नमुने आणायला बाईंनी झिपरूला ठेवलं. झिपरूला ही नोकरी हवीच होती. पलीकडच्या आळीतल्या दगडूआप्पांची यमुना त्याला आवडायची. यमुनेलाही तो आवडायचा. का, ते तिलाच ठाऊक. आप्पा म्हणाले होते, "दिवाळीपर्यंत नोकरी टिकव, पोरगी देतो."

पहिल्या दिवशी बाईंनी त्याला वच्छीआत्याकडे पाठवलं. आत्याकडे बाटली नव्हती, म्हणून झिपरूनं लोणच्याच्या बरणीत नमुना आणला. पडद्यावरची रेघ उंच गेली, खाली आली, वाकडी झाली. संगणक म्हणाला, "असा माणूस अजून पाहिलेला नाही."

बाईंनी बरणीचा वास घेतला. "अरे झिपरू, भांडं आधी आतून धुवायचं! आत थेंबसुद्धा राहता कामा नये."

"बरं बाई. आतून धुवायचं, थेंब ठेवायचा नाही."

दुसऱ्या दिवशी तो सरपंचांचा नमुना घेऊन निघाला. वाटेत पाटाचं पाणी दिसल्यावर त्याला आठवलं. त्यानं बाटली उघडली, आतून खळखळून धुतली, उलटी करून वाळवली आणि चकचकीत बाटली बाईंच्या टेबलावर ठेवली.

"यात काय आहे?" बाईंनी विचारलं.

"काही नाही बाई. थेंबसुद्धा नाही."

बाई म्हणाल्या, "अरे देवा! असं काही आणायचं असलं की सरळ बर्फात घालायचं, वर झाकण घट्ट लावायचं, की तडक इकडे!"

"बरं बाई. बर्फ, झाकण, तडक इकडे."

मग किसन गुरवाला ताप भरला. बाई म्हणाल्या, "त्याला घेऊन ये रे." झिपरूनं मासळीच्या टेम्पोतली मोठी पेटी मागून घेतली, तळाशी बर्फ घातला, वर गुरव घातला आणि झाकण लावून स्वतः वर बसला. झाकणाला फट होती म्हणून बरं. दवाखान्याच्या दारात पेटी शिंकली.

बाईंनी झाकण काढलं. गुरव निळा पडला होता. ताप मात्र उतरला होता.

"बाई," गुरव दात वाजवत म्हणाला, "मला हे औषध परत नको."

बाई झिपरूवर ओरडल्या, "असं आणतात का रे? जरा मोकळी हवा लागू द्यायची, गरम चहा पाजायचा, चार गोड शब्द बोलायचे!"

"बरं बाई. हवा, चहा, गोड शब्द."

पुढचा नमुना खैरनार गुरुजींच्या थुंकीचा होता. झिपरूनं बाटलीचं झाकण काढून तिला हवा दिली. हॉटेलात थांबून तिच्यात दोन घोट चहा ओतला. मग बाटली मांडीवर घेऊन विचारलं, "काय, बरं आहे ना? घरचे मजेत?" हॉटेलवाला दुसऱ्या बाकावर जाऊन बसला.

संगणक म्हणाला, "साखर फार." गुरुजींच्या बायकोनं त्यांचं गोड बंद केलं आणि रोज सकाळी कारल्याचा रस सुरू केला. चार दिवसांत गुरुजी कडू तोंडानं भांडायला आले. बाईंनी बाटली काढून उजेडात धरली. आत चहाची पत्ती तरंगत होती.

"झिपरू! एकात दुसरं मिसळायचं नाही! एकाचं ते एकाचंच राहिलं पाहिजे!"

"बरं बाई. एकाचं ते एकाचंच."

आता तुम्ही म्हणाल, बाईंनी त्याला काढला का नाही? अहो, तेवढ्या पगारात दुसरा कोण येणार होता? तुम्ही जाल?

मग बाईंना मोठं काम निघालं. निरोगी माणूस कसा असतो हे संगणकाला नीट शिकवायचं होतं. बाईंनी पन्नास बाटल्या दिल्या. "निरोगी माणसांची लघवी आण. नावं नकोत. आणि माझं शेवटचं बोलणं लक्षात आहे ना?"

"आहे बाई. एकाचं ते एकाचंच."

झिपरू पाण्याची घागर घेऊन लिंबाखाली बसला. प्यायचा, उठायचा, परत येऊन प्यायचा. आठवड्याभरात बाटल्या भरल्या. बाईंनी त्या यंत्राला दाखवल्या. संगणक शिकून शहाणा झाला.

दुसऱ्या दिवशी सगळा गाव तपासायला आला. सरपंच आजारी निघाले. वच्छीआत्या आजारी. गुरुजी, गुरव, हॉटेलवाला, सगळे आजारी. बाईंनी स्वतःची तपासणी केली, त्याही आजारी. दगडूआप्पा आजारी निघाले तेव्हा ओट्यावर रडारड सुरू झाली. शेवटी झिपरूची पाळी आली. संगणक म्हणाला, "निरोगी. अतिउत्तम."

आप्पांनी डोळे पुसले. "सगळ्या गावात एकच धडधाकट, तो माझा जावई! दिवाळी कशाला? उद्याच ये पोरगी बघायला!"

बाईंना मात्र शंका आली. "झिपरू, त्या पन्नास बाटल्या कोणाकोणाच्या?"

"एकाच्याच बाई. काही मिसळलं नाही."

"कोणाच्या?"

"माझ्या."

बाई खाली बसल्या. मग हळू आवाजात, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "झिपरू, एकच बघून काही ठरवायचं नसतं. पन्नास वेगवेगळे बघायचे. तरणे, म्हातारे, सगळे. मगच हो की नाही म्हणायचं. आता आणखी एक घोळ केलास तर नोकरी गेली समज."

"बरं बाई. पन्नास वेगवेगळे. मगच हो."

बाईंनी गावाला खरं काय ते सांगितलं. गाव बरा झाला. आप्पा मोठ्या मनाचे, त्यांनी शब्द फिरवला नाही.

दुसऱ्या दिवशी झिपरू आपल्या मामाला घेऊन यमुनेकडे गेला. शेव-मुरमुरे आले. चहा घेऊन यमुना आली, झिपरूकडे बघून गालात हसली.

"मग?" आप्पा म्हणाले. "पसंत आहे ना?"

"हो म्हण," मामा कुजबुजला. "नुसतं हो म्हण."

झिपरूनं यमुनेकडे बघितलं. त्याच्या तोंडात हो आलं होतं. पण त्याला नोकरी आठवली. त्यानं हो गिळलं.

"आप्पा, यमुना फार आवडली. पण एक बघून ठरवायचं नसतं. अजून एकोणपन्नास दाखवा. तरण्या, म्हाताऱ्या, सगळ्या."

मामानं कपाळावर हात मारला. आप्पा पायानं चपला चाचपू लागले.

झिपरूनं शांतपणे पिशवीतून एक बाटली काढली आणि होणाऱ्या सासूबाईंच्या पुढ्यात ठेवली.

"मावशी, तुमच्यापासून सुरू करू. काळजी करू नका, आतून धुतलीय."

तेवढं मात्र तो खरंच शिकला होता हो. आत थेंबसुद्धा नव्हता.